टियागो ईव्हीसाठी मिळणारा स्टेपनी संच: चाक चांगलं, बांधणी कच्ची

टियागो ईव्हीची डिकी उघडून तळाचं कार्पेट उचललं, तर पेट्रोल टियागोत जिथे स्टेपनी आडवी पडलेली असते तो खड्डा हाती लागत नाही. ती जागा बॅटरीने घेतली आहे. बदल्यात कंपनी पंक्चर किट देते: बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली. हे नियमाला धरूनच आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही. सरकारने दिलेल्या कारणांत इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला जागा मिळावी हेही एक होतं.

ही उणीव भरून काढायला कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘ईव्ही स्पेअर व्हील किट’ अशा नावाने एक गठ्ठा विकला जातो. विकणारे वेगवेगळे असले तरी आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो: १४ इंची स्टीलचं रिम, त्यावर टायर, चेनची रेक्झिन पिशवी, एक पट्टा, कात्री जॅक आणि एल पाना. चाक, टायर आणि बाकीचं सामान धरून खर्च साधारण सात ते दहा हजारांच्या घरात जातो. टायर कुठल्या कंपनीचा आहे यावर तो खालीवर होतो. प्रत्येक वस्तू सुटी करून पाहिली तर निकाल वेगवेगळा लागतो. चाक घेण्याजोगं आहे. जॅक चालवून घेता येतो. पिशवी आणि पट्टा मात्र जवळजवळ नेहमी बदलावे लागतात, आणि विकणारा ते सांगत नाही.

किट असताना स्टेपनी कशाला

सीलंटची बाटली निरुपयोगी नाही. नक्षीच्या भागात खिळा किंवा स्क्रू घुसला, भोक चार-सहा मिलिमीटरच्या आत असलं, तर सीलंट भरून, हवा मारून, काही किलोमीटर सावकाश चालवून पुन्हा हवा तपासली की पंक्चरवाल्यापर्यंत गाडी पोहोचते. बाटलीवर मुदत छापलेली असते, ती साधारण चार-पाच वर्षांत संपते. गाडी घेतल्यावर ती तारीख कोणी वाचत नाही. साध्या खिळ्यासाठी तर सीलंटही कशाला? रीमर, सुई आणि रबरी पट्ट्यांचं ट्यूबलेस पंक्चर किट त्याहून स्वस्त पडतं. शिवाय टायर आतून चिकट होत नाही आणि पंक्चरवाला शिव्या घालत नाही.

खरी अडचण साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची आहे. पावसाळ्यात खड्ड्याच्या काँक्रीट कडेवर टायर आपटला की तो रिम आणि कडा यांच्यात चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला चीर पडते किंवा फुगा येतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या अर्धवट कामांच्या पट्ट्यात हा प्रकार कोणाला नवा नाही. अशा चिरेवर सीलंट नाही, पट्टी नाही, काही नाही. रिमची कड वाकून टायरचा गळा सुटला तर कॉम्प्रेसर कितीही घरघरला तरी हवा बसत नाही.

त्यातून गाडी इलेक्ट्रिक. पुढच्या चाकांना मोटर जोडलेली असताना ती चाकं रस्त्यावर फिरवत गाडी ओढून नेता येत नाही, कारण फिरणारी मोटर वीज तयार करते. म्हणजे सपाट पाठीचा ट्रक मागवणं आलं. करूळ किंवा आंबोलीच्या घाटात रात्री अकराला तो किती वेळात येईल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या, महिन्यातून एकदा हायवे पाहणाऱ्या गाडीला पट्टीवालं पंक्चर किट आणि रोडसाइड असिस्टन्सचा नंबर पुरतो. कोकण, मराठवाडा, विदर्भाच्या आतल्या रस्त्यांवर जाणाऱ्याने चाक बरोबर ठेवावं.

(स्टेपनी हा शब्द वेल्समधला. लानेथ्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाकाचा धंदा काढला. त्यांचं चाक म्हणजे आरे नसलेलं, हवा भरलेल्या टायरचं नुसतं कडं होतं. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाहेरून जखडायचं. विलायतेत तो शब्द केव्हाच मागे पडला, आपल्याकडे मात्र गॅरेजच्या पोऱ्यालाही तो माहीत आहे.)

चाक

टियागो ईव्हीचा टायर १७५/६५ आर१४. संचात नेमकं हेच माप असेल तरच घ्यावं. काही विक्रेते जुन्या पेट्रोल टियागोच्या खालच्या मॉडेलचं १५५/८० आर१३ चाक ‘चालतं हो’ म्हणून देतात. उंचीचा हिशेब केला तर ते खोटं बोलत नाहीत: १७५/६५ आर१४ ची उंची ५८३ मिलिमीटर, १५५/८० आर१३ ची ५७८. पाच मिलिमीटरने काही बिघडत नाही. बिघडतं ते वजनाच्या आकड्याने. १७५/६५ आर१४ वर ८२ हा लोड इंडेक्स असतो, म्हणजे टायरमागे ४७५ किलो. १५५/८० आर१३ वर ७९ असतो, म्हणजे ४३७ किलो. बॅटरीमुळे ईव्ही पेट्रोल गाडीपेक्षा जड असते. मागे तिघं आणि सामान असताना ३८ किलोंची ही तूट कोणत्या चाकाखाली येईल ते आधी ठरवता येत नाही. शिवाय १३ इंची रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकची चकती चिमटणाऱ्या भागाला) न घासता मोकळं फिरेल याची खात्री नसते. कॅलिपर रिमला घासला तर घरघर ऐकू येईपर्यंत रिमवर चर पडलेला असतो.

दुकानात चार गोष्टी पाहायच्या. नटांचं वर्तुळ चार नटांचं आणि १०० मिलिमीटरचं हवं. मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर) नीट बसायला हवं: ते मोठं असेल तर चाक नटांच्याच आधारावर मध्यभागी येतं आणि ऐंशीच्या पुढे थरथरतं. तिसरी गोष्ट नटांची बैठक. वरच्या मॉडेलला बाहेरून अलॉय रिम लावले असतील तर त्यांचे नट स्टील रिमच्या उतारावर पूर्ण टेकतातच असं नाही. नट आवळला जातो, पण टेकतो नुसता कडेवर, आणि शे-दीडशे किलोमीटरमध्ये सैल होतो. असं असेल तर स्टील रिमचे चार नट वेगळे घेऊन पिशवीत ठेवावेत. चौथी गोष्ट टायरची तारीख: साइडवॉलवरच्या चौकटीतले चार अंक, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ‘नवी स्टेपनी’ म्हणून तीन-चार वर्षं गोदामात पडून राहिलेला टायर खपवणं हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे.

नवं रिम नको असेल तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी रिम मिळतात. घेण्याआधी बॅलन्सिंग मशीनवर चढवून फिरवून पाहायचं. कड आत-बाहेर डोलत असेल तर हातोडीने सरळ करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नये. गंज नटांच्या भोकांभोवती असेल तर सोडून द्यावं, बाहेरच्या कडेवर असेल तर चालेल.

चाकाला इथे पूर्ण गुण. नेमक्या मापाचं चाक असल्याचा एक फायदा विक्रेतेही सांगत नाहीत: ते पाचवं चाक फेरबदलात घेता येतं. इलेक्ट्रिक गाडीत पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क मिळतो, पुढचे टायर लवकर झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवली तर स्टेपनी डिकीत पडून म्हातारी होत नाही आणि पाचही टायर एकदमच बदलायला येतात. फक्त तिला हवेचा सेन्सर नसतो, त्यामुळे ती लावल्यावर टीपीएमएसचा दिवा पेटून राहू शकतो. तो बिघाड समजू नये.

बांधणी

संचातला पट्टा बहुतेक वेळा दोन सेंटिमीटर रुंद, प्लॅस्टिकच्या बकलचा किंवा वेल्क्रोचा असतो, नाहीतर रबरी बंजी दोरी. गाडी चालवताना यात काही उणं वाटत नाही, आणि खोट तिथेच आहे. स्टीलचं रिम आणि टायर मिळून वजन १३-१४ किलो. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तरी गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या नऊ दशांश इतक्या दराने कमी होतो, म्हणजे चाक पुढे ढकललं जातं ते जेमतेम १२-१३ किलोच्या जोराने. एवढं बंजीही धरते.

आता ५० च्या वेगाने गाडी आदळून साठ सेंटिमीटरमध्ये थांबली असं धरा. सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट येतो. १४ किलोचं चाक त्या क्षणी सव्वादोनशे किलोंच्या जोराने पुढे निघतं, आणि पुढे मागची सीट आहे. हॅचबॅकमध्ये डिकी आणि बसणारे यांच्यात दुसरी भिंत नसते. यूएन आर१७ या संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमात मागच्या सीटच्या पाठीची सामानाविरुद्ध जी चाचणी असते, तिच्यात अठरा-अठरा किलोंचे दोन ठोकळे वापरतात. म्हणजे एक चाक पाठ सोसू शकते, तरी ते तिला टेकून असलेलं बरं. चाक अर्धा फूट मागे असेल तर ते आधी वेग घेतं आणि मग आदळतं.

म्हणून पहिला नियम पट्ट्याचा नव्हे, जागेचा आहे. चाक आडवं, तळावर, मागच्या सीटच्या पाठीला घट्ट भिडवून. मध्ये फट राहिली तर जुन्या योगा मॅटची घडी किंवा जाड फोम दाबून बसवायचा. दर्शनी बाजू खाली, पोकळ बाजू वर. त्या पोकळीत जॅक, पाना आणि नट कापडात गुंडाळून बसतात, खडखडत नाहीत, आणि जागाही वाया जात नाही. उभं ठेवण्याचा मोह होतो, कारण तळ मोकळा दिसतो. पण उभं चाक गोल आहे हे विसरून चालत नाही. त्याला चारही दिशांनी बांधावं लागतं, आणि त्याचा भार सीटच्या पाठीवर वरच्या बाजूला येतो.

दुसरा नियम: पट्टा टायरवरून टाकायचा नाही, रिममधून न्यायचा. टायरवरून आवळलेला पट्टा आज घट्ट असतो. महिन्याभरात हवा चार-पाच पीएसआय उतरली की सैल होतो. पंक्चर झालेलं चाक त्याच जागी बांधायची वेळ येते तेव्हा तर वरून टाकलेला पट्टा काहीच धरत नाही. रिममधून नेलेल्या पट्ट्याला टायरमध्ये हवा आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं.

पट्टा घ्यायचा तो २५ मिलिमीटर रुंदीचा, रॅचेटचा (दात्यांच्या मुठीने आवळायचा), पॉलिएस्टरचा. माल बांधणाऱ्या ट्रकवाल्यांच्या दुकानात मिळतो. त्यावरच्या निळ्या लेबलवर ‘एलसी’ (पट्ट्याने कामात पेलायचा भार) पुढे डेकान्यूटनमध्ये आकडा असतो. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळ मानाने एक किलोचा जोर. हा आकडा ५०० किंवा वर असावा. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘दीड टन’ लिहिलेलं असतं तो तुटण्याचा आकडा, कामाचा नव्हे. लेबलच नसलेला पट्टा घेऊ नये. पट्ट्याच्या टोकांचे हुक उघड्या इंग्रजी एस आकाराचे असतील तर तेही नकोत: गाडी उसळली, पट्टा क्षणभर ढिला पडला की असा हुक कडीतून आपोआप निघतो. झडपेचे हुक घ्यावेत, शे-दीडशे रुपये जास्त पडतात.

असे दोन पट्टे लागतात, एकाने भागत नाही. एक डिकीच्या डाव्या मागच्या कडीपासून रिमच्या भोकातून उजव्या पुढच्या कडीकडे, दुसरा उलट, फुलीसारखे. मागच्या कड्यांकडे जाणारे भाग चाकाला पुढे जाऊ देत नाहीत, पुढचे मागे उसळू देत नाहीत. नुसतं वरून खाली दाबून बांधलं तर सगळी मदार घर्षणावर राहते. हाताने आवळलेल्या एका पट्ट्याचा दाब आणि कार्पेटचं घर्षण मिळून पन्नास-साठ किलोच्या पुढे जोर धरता येत नाही. सव्वादोनशेच्या पुढे ते कुठे टिकणार? स्टील रिमच्या भोकांच्या कडा धारदार असतात. पट्टा जिथून जातो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा चढवायचा, नाहीतर दोन-तीन महिन्यांत पट्ट्याची किनार कातरली जाते.

आता कड्या. त्या गाडीत असतील तर प्रश्न मिटला. नसतील तिथे संचाबरोबर येणारे चार स्क्रू आणि पत्र्याच्या कड्या ही या सगळ्या मालातली सर्वांत वाईट वस्तू. ‘तळाला भोक पाडून बसवा’ असं सांगितलं जातं. टियागो ईव्हीच्या डिकीच्या तळाला भोक पाडायचं नाही. खाली बॅटरीचा पॅक आहे, नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबल आहेत, आणि ड्रिलच्या टोकाला पत्रा कुठे संपला ते कळत नाही. आयपी६७ दर्जाचं पॅकचं आवरण पाणी आणि धुळीसाठी आहे, ड्रिलसाठी नाही. बॅटरीवर आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, ती एका साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूपायी घालवण्यात अर्थ नाही.

पर्याय असा: सीटच्या पाठीच्या बिजागरीचे जे बोल्ट गाडीच्या बॉडीच्या पत्र्यात आधीच आहेत, त्यांच्याखाली तीन मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या कडीपट्ट्या वर्कशॉपकडून बसवून घ्यायच्या. बोल्ट त्याच मापाचा आणि त्याच ताकदीचा, फक्त पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावायचा नाही. लहान मुलांच्या सीटसाठी दिलेल्या वरच्या कड्या मजबूत असतात, पण त्या ज्या कामासाठी आहेत त्यासाठीच मोकळ्या ठेवाव्यात. घरात लहान मूल असेल तर हा प्रश्न चर्चेचाही नाही.

दोघंच प्रवासाला निघाले असतील आणि कड्यांचं काम अजून झालं नसेल, तर एक तात्पुरती सोय आहे. चाक पिशवीतून काढून मागच्या सीटवर आडवं ठेवायचं, तीन बिंदूंचा बेल्ट रिमच्या मधल्या भोकातून ओवून बकलमध्ये अडकवायचा आणि पुढची सीट मागे सरकवून चाकाला भिडवायची. सुंदर दिसत नाही. पण वेल्क्रोच्या पिशवीत, डिकीत मोकळं सोडलेल्या चाकापेक्षा हे कितीतरी बरं.

पिशवीबद्दल थोडक्यात. तिचं काम वास आणि चिखल अडवणं एवढंच. बंद काचांच्या एसी गाडीत नव्या रबराचा वास आठवडाभर डोकं उठवतो. तिच्या मुठी उचलण्यासाठी आहेत, बांधण्यासाठी नाहीत. मुठीच्या शिवणीत पट्टा अडकवून दाखवणारे फोटो जाहिरातींत सर्रास असतात. मध्यभागी भोक असलेली किंवा पट्टा आरपार जाऊ शकेल अशी पिशवी मिळाली तर घ्यावी, नाहीतर तिला कात्री लावून कडेला बायस पट्टी शिवून घ्यावी.

जागेचं गणित लपवण्यासारखं नाही. ५८३ मिलिमीटर लांब-रुंद आणि पावणेदोनशे उंच असा हा चौकोन साठ लिटर खातो. टियागो ईव्हीची डिकी २४० लिटर, उरले १८०. दोन केबिन बॅगा आणि एक झोळा. टिगोर ईव्हीमध्ये तर कंपनीने स्वतःच चाक डिकीच्या तळावर ठेवलं, आणि पेट्रोल टिगोरची ४१९ लिटरची डिकी ईव्हीत ३१६ वर आली. चार्जिंगची १५ अँपिअरची केबल चाकाखाली मात्र ठेवू नये. रोज लागणारी वस्तू स्टेपनीखाली गेली की दोन दिवसांत पट्टे सुटतात, आणि पुन्हा कोणी आवळत नाही.

जॅक, पाना आणि हँडब्रेक

कात्री जॅक साधाच येतो. त्यावर वजनाचा आकडा ठोकलेला असावा, एक टन किंवा जास्त. अडचण त्याच्या डोक्याची आहे. दाराखालच्या पत्र्याच्या दुमडीवर दोन खाचांच्या मधली जागा ही जॅकची. तिथून चार बोटं आत सरकलं की बॅटरीच्या पॅकची कड जवळ येते. पेट्रोल गाडीत जॅक थोडा आत लागला तर पत्रा दबायचा, एवढंच. इथे पॅकच्या आवरणाला पोचा पडू शकतो. म्हणून मध्ये खाच असलेला रबरी ठोकळा घ्यावा. दुमड त्या खाचेत बसते आणि जॅक आत घसरत नाही. संचात हा ठोकळा नसतो, असायला हवा होता. जॅकखाली टाकायला एक फूट चौरस, १८ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा डिकीतच ठेवावा. पावसात रस्त्याकडेच्या मुरुमात जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही.

टियागो ईव्हीच्या गोल निवड बटणावर पी नाही. पेट्रोल गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली की इंजिन तिला धरून ठेवतं, इथे ती सोय नाही. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना. म्हणजे मागचं एक चाक जॅकवर उचललं की गाडीला धरून राहतं ते मागचं दुसरं एकच चाक, पुढची दोन्ही मोकळी. चढ-उतारावर एवढ्यावर विसंबायचं नाही. गाडी सपाट जागी घ्यायची, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा रबरी ओट लावायचे. नट अर्धा आटा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. मग उचलायचं. काढलेलं चाक दाराखाली आडवं सारून ठेवायचं, जॅक निसटलाच तर गाडी पॅकवर न बसता चाकावर बसते.

एल पाना टाकून द्यावा. त्याचा दांडा बहुधा पंचवीस सेंटिमीटरचा असतो. लहान गाड्यांच्या एम१२ नटांना साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच धरावा. ११० धरले तर पंचवीस सेंटिमीटरच्या टोकाला ४५ किलोचा जोर लागतो. वायुगनने आवळलेला नट सोडवायला त्याहून जास्त. लोक मग पान्यावर उभे राहतात, पाना निसटतो, गुडघा फुटतो. पन्नास सेंटिमीटरचा सरकवता येणारा दांडा आणि योग्य मापाचा खोल सॉकेट घेतला तर निम्म्या जोरात काम होतं. नट समोरासमोर आवळायचे, गोल फिरत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

मोठ्या गाड्यांचं काय

हाच हिशेब मोठ्या ईव्हीला लावला की उत्तर बदलतं. बीवायडी अ‍ॅटो ३ चा टायर २१५/५५ आर१८. उंची ६९४ मिलिमीटर, शंभर लिटरच्या वर जागा, आणि डिकी ४४० ची. आयोनिक ५ चा २५५/४५ आर२० तर ७३८ मिलिमीटरचा. एकट्या चाकाला जवळपास १४० लिटर लागतात, अलॉयसकट वजन पंचवीस किलोच्या पुढे. मघाच्याच धडकेत ते चारशे किलोंवर जातं. पाचशेच्या एकाच पट्ट्यावर मग भरवसा ठेवता येत नाही, दोन्ही पट्टे पूर्ण ताकदीचे हवेत. इथे बारीक, तात्पुरतं स्टेपनी चाक बरं पडतं, पण त्याचं रिम नेमक्या मापाचंच असावं लागतं. आयोनिक ५ ला पाच नट, ११४.३ चं वर्तुळ, मधलं भोक ६७.१, आणि ब्रेकला मोकळीक. नट १०७ ते १२७ न्यूटन-मीटर. दुसऱ्या कुठल्या ह्युंदाईचं बारीक चाक बसतं म्हणून विकणाऱ्याला ते हबवर लावून, हाताने पूर्ण फेरा फिरवून दाखवायला सांगावं.

बारीक चाकाच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे हवा: या चाकांना ६० पीएसआय लागते, नेहमीच्या ३३-३५ वर ते सपाट बसतं. दुसरी म्हणजे जागा. वेग ८० च्या खाली ठेवायचा, आणि हे चाक शक्यतो मोटर नसलेल्या आसावर लावायचं. अ‍ॅटो ३ ला मोटर पुढे, म्हणून पुढचं चाक पंक्चर झालं तर बारीक चाक मागे लावून मागचं पुढे आणायचं. दोनदा जॅक, वीस मिनिटं जास्त. भारतात आलेल्या आयोनिक ५ ची मोटर मागे, तिथे उलट. मोटरच्या आसावर बारीक चाक असेल तर रीजन ब्रेकिंग (पाय उचलताच मोटरने गाडी रोखून बॅटरीत वीज परत भरणं) खालच्या पातळीवर ठेवावं. ओल्या रस्त्यावर पाय उचलल्याबरोबर रीजनची सगळी ओढ त्याच चाकांवर येते, आणि बारीक चाक आधी घसरतं.

एमजी कॉमेटचा १४५/७० आर१२ लहान, ५०८ मिलिमीटरचा, पण डिकीच नाही. मागची अर्धी सीट पाडून तिथे चाक बांधलं तर चारची गाडी तिघांची होते. शहरासाठी घेतलेल्या गाडीला ही किंमत जास्त आहे. तिला पट्टीचं किटच योग्य.

आणि गाडी कोणतीही असो, छतावर चाक नको. ईव्हीत हवेचा अडथळा थेट रेंजमधून कापला जातो. डिकीतले चौदा किलो रेंजला जाणवतही नाहीत.

संच लावून झाला की पहिल्या शंभर किलोमीटरनंतर रॅचेट पुन्हा दोन दात आवळावा, कारण नवा पट्टा ताणला जातो आणि कार्पेट दबतं. पुढे महिन्यातून एकदा हवा पाहायची, नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवायची.  किटमधला कॉम्प्रेसर त्यासाठी कामाला येतो, म्हणून स्टेपनी आली तरी किट माळ्यावर टाकू नये. नियमातली सूटही त्या किटवरच उभी आहे.